आणखी एक मिंगजू

(शाओशिंगजवळ कालव्याकाठचं एक गाव. घराच्या मागच्या अंगणात गुइहुआचं जुनं झाड आहे. आज बाळाला महिना झाला, दुपारी गावातल्या हॉटेलात मोठं जेवण आहे. बाळाची आजी सुयुन झाडाखाली खड्डा खणते आहे. तिची सून, बाळाची आई यावेन, दारूचा नवा घडा घेऊन शेजारी उभी आहे. सुयुनची सासू, घरातली सर्वांत थोरली, जिला यावेन आजी म्हणते, मागच्या दारात बुटक्या स्टुलावर बसली आहे.)

सुयुन: थांब, थांब! पुढे येऊ नकोस. कुदळ कशावर तरी आपटली.

यावेन: दगड असेल, आई.

सुयुन: दगडाचा आवाज असा येतो का? ऐक. ऐकलंस? आत पोकळ आहे काहीतरी.

यावेन: अगंबाई! सोनं?

सुयुन: हो तर! तुझ्या आजेसासऱ्यांनी सोनं पुरून ठेवलं आणि जन्मभर ठिगळाच्या चपला घातल्या. घडा ठेव खाली आणि माती ओढ. नको, नको, तू बाळंतीण आहेस. वाकू नकोस.

यावेन: महिना भरला आज, सुटले मी. महिनाभर केस धुऊ दिले नाहीत, खिडकी उघडू दिली नाही. आता वाकायलाही बंदी?

सुयुन: माझ्या बाळंतपणात सासूबाईंनी मला गार पाण्याकडे नुसतं बघूही दिलं नव्हतं. तुमचे लाड झालेत. बरं, ओढ माती. हातानं, हळू.

यावेन: मडक्याची कड लागतेय. आई, हा घडाच आहे! आपल्या या नव्या घड्यासारखाच, जरा लहान. तोंडावर चिखलाचं बूच तसंच्या तसं आहे. कोणी फोडलेलंच नाही.

सुयुन: फोडलेलं नाही? नीट बघ.

यावेन: बघते आहे ना. सगळीकडून मुळांनी धरून ठेवलाय, पण तडा नाही. कोणाचा असेल?

सुयुन: यावेन, मागे हो. हात लावू नकोस त्याला.

यावेन: का?

सुयुन: अगं, मुलीच्या महिन्याला घडा पुरतात आणि तिच्या लग्नात काढतात. मग न काढलेला घडा कोणाचा असतो?

यावेन: कोणाचा?

सुयुन: जिचं लग्न झालं नाही तिचा. आणि आमच्या गावात बिनलग्नाची कोणी राहिली नाही. राहिली असेल ती मातीतच. कळलं का?

यावेन: आई, घाबरवू नका हं. या घरात कोणी मुलगी गेली होती?

सुयुन: मी तरी ऐकलं नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून याच झाडाला कपड्यांची दोरी बांधते आहे. कोणी एका शब्दानं बोललं नाही.

यावेन: घड्याच्या पोटावर काहीतरी कोरलंय. ओलं फडकं द्या. खिळ्यानं ओरखडल्यासारखं वाटतंय. दोन अक्षरं आहेत. आई...

सुयुन: काय झालं? तोंड का असं पांढरं पडलं?

यावेन: आई, तुम्ही माझी गंमत करताय का?

सुयुन: मला दुसरे उद्योग नाहीत? दुपारी आठ टेबलं जेवायला येतायत, पाहुण्यांना वाटायची लाल अंडी अजून अर्धी रंगवायची आहेत. दे फडकं इकडे. चष्मा कुठे गेला माझा? हं. हे पहिलं... मिंग. आणि हे...

यावेन: जू.

सुयुन: देवा!

यावेन: मिंगजू. माझ्या बाळाचं नाव आहे हे. आई, हे तर मी निवडलं! हांगचौला, दवाखान्यात, पोटावर हात ठेवून निवडलं. या घड्याला कुठून कळलं?

सुयुन: बाळ कुठे आहे?

यावेन: आत, झोपलंय.

सुयुन: दार लोटून घे. तिला बाहेर आणू नकोस. मी म्हणत होते की नाही, नाव आधी मला सांगा, गावात विचारून घेऊ? तर तुम्ही दोघं परस्पर नोंदणी करून मोकळे! आता बघ. मेलेल्या मुलीचं नाव ठेवलंत माझ्या नातीला!

यावेन: मेलेल्या कशावरून? मिंगजू नावाच्या लाखो असतील. तुम्हीच म्हणाला होता, बाजारात मिंगजू म्हणून हाक मारली तर कोबीवाली, मासेवाली आणि पोलीस अशा तिघी वळतील म्हणून.

सुयुन: वळू देत बाजारात! त्या काही माझ्या अंगणात पुरलेल्या नाहीत.

आजी: सापडला का?

सुयुन: काय म्हणालात, सासूबाई?

आजी: घडा. सापडला का, विचारते आहे. मला वाटलं होतं, मुळांनी कधीच फोडला असेल.

यावेन: आजी, तुम्हाला माहीत होतं इथे घडा आहे?

आजी: सकाळी म्हटलं नाही का, विहिरीच्या बाजूला खणा म्हणून? सुयुन म्हणाली, तिथे ओल आहे. माझं ऐकतंय कोण!

सुयुन: सासूबाई, आता खरं ते सांगा. पाहुणे यायच्या आत सांगा, म्हणजे काय धूप-दिवा करायचा तो करून घेते. ही मुलगी कोण? तुमची होती का? पहिली? देवाघरी गेली का?

आजी: गेली कुठे? इथेच तर बसली आहे.

सुयुन: कुठे? यावेन, यांना काही दिसतंय का गं?

आजी: अगं भुतं कसली शोधतेस? माझा आहे घडा. नाव माझं आहे.

यावेन: तुमचं?

आजी: मिंगजू. बापानं ठेवलेलं.

सुयुन: सासूबाई, तुमचं नाव गुइहुआ आहे.

आजी: हो का?

सुयुन: हो का काय? ओळखपत्रावर आहे! तुमच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणायला दर महिन्याला दवाखान्यात जाते, खिडकीवर ओरडून सांगते, गुइहुआ. इतकी वर्षं सांगते आहे!

आजी: मग गोळ्या बरोबर मिळतात ना? झालं तर.

यावेन: आई, तुम्ही बसा आधी. खड्ड्याच्या कडेला बसा, हं. मीही बसते. आजी, नीट सांगा. तुमचं नाव मिंगजू, तर गुइहुआ कोण?

आजी: गुइहुआ हे झाड. मी आले तेव्हा याच्या खाली उभी होते. म्हणून गुइहुआ.

यावेन: लग्न होऊन आलात तेव्हा?

आजी: लग्न कसलं! सहा वर्षांची होते. पुढे सून करून घ्यायची म्हणून लहानपणीच देऊन टाकायचे पोरी, घरात खाणारं एक तोंड कमी होई. माझा बाप होडीवर घडे वाहायचा. काळ्या छपराची होडी होती आमची. त्याच होडीतून मला आणलं आणि सोबत हा घडा आणला. मी जन्मले तेव्हा मालकाकडून मागून घेतला होता. आमच्याकडे पुरायला अंगण कुठलं? होडीतच ठेवला होता, माझ्या उशाशी.

सुयुन: मला हे कधीच सांगितलं नाहीत.

आजी: तू कधी विचारलं नाहीस.

सुयुन: तुम्ही इथे लहानपणी आलात, एवढंच माहीत होतं. मग नाव का बदललं?

आजी: बाप मला या झाडाखाली उभं करून म्हणाला, मिंगजू, शहाण्यासारखी राहा. आणि घरात सगळे एकदम गप्प. माझी सासू चुलीपाशी होती, तिच्या हातात पळी तशीच राहिली. मला वाटलं, माझं काही सांडलं का, फुटलं का. मग ती म्हणाली, या घरात एक मिंगजू आहे. दुसरी चालायची नाही.

यावेन: म्हणजे त्यांचंही नाव...

आजी: तिचंही. आणि कोपऱ्यावरच्या तेलवाल्याच्या बायकोचंही. मिंगजू म्हणजे लखलखता मोती, गावोगावी होत्या. प्रत्येक बापाला आपली पोर म्हणजे तळहातावरचा मोती वाटायची, आणि मग तो मोती दुसऱ्याच्या घरी भांडी घासायला पाठवायचे.

सुयुन: थांबा. माझ्या आजेसासूचंही नाव मिंगजू? देवघरातल्या पूर्वजांच्या पाटीवर तर नुसतं "वांग घराण्यातली" असं लिहिलंय!

आजी: बायकांचं नाव कुठे लिहितात पाटीवर?

सुयुन: दर सणाला मी त्या पाटीपुढे भात ठेवते, दारू ठेवते, वाकते. आणि मला नाव माहीत नाही? तुमच्या धाकट्या दिरांना, तिसऱ्या काकांना तरी माहीत असेल. त्यांची तर सख्खी आई.

आजी: त्याला आई म्हणजे आई. थोरल्या बाईचं नाव जिभेवर आणायचं नसतं, मग कळणार कसं? आता ते एकट्या मलाच माहीत आहे.

यावेन: मग तुमच्या बाबांनी ऐकून घेतलं? काहीच बोलले नाहीत?

आजी: काय बोलणार? पोर ठेवायला आला होता, सोडवून न्यायला नाही. सासऱ्यांपुढे घडा ठेवला, म्हणाला, हिचा आहे, लग्नात काढा. सासरे भले होते, लगेच पुरला. मग बाप होडीत बसला. मी घाटावर उभी. होडी पुलाखाली गेली तेव्हा त्यानं मागे वळून बघितलं. हाक मारणार होता. तोंडही उघडलं होतं. मग माझ्या मागं सासू उभी दिसली आणि त्यानं तोंड मिटलं. नुसता हात हलवला.

यावेन: आजी...

आजी: पुन्हा आलाच नाही. पुढच्या वर्षी लढाई आली या बाजूला.

सुयुन: तुम्ही हे सगळं पोटात ठेवून माझ्याबरोबर बसून शेंगा सोलत होतात? माझा नवरा गेला तेव्हा आपण दोघी एका खोलीत झोपायला लागलो. सगळं बोललो आपण, सासूबाई. शेजारणीची लफडीसुद्धा बोललो. आणि हे नाही?

आजी: त्यात बोलण्यासारखं काय होतं?

यावेन: आणि लग्न? लग्नात घडा का नाही काढला?

आजी: आमच्यासारखीला कसलं लग्न? वर्ष सरायच्या रात्री सगळ्यांची जेवणं झाली, मी भांडी घासली. सासू म्हणाली, आजपासून त्या खोलीत झोप. झालं लग्न.

यावेन: बाई गं.

आजी: मी वाट बघत होते हं. म्हटलं, निदान घडा काढतील. सासरे उठलेही होते. सासू म्हणाली, राहू दे. घडा वर काढायचा म्हणजे त्यावरचं नावही वर काढायचं. मग राहिला. मी रोज त्याच्यावरून चालत विहिरीला गेले.

सुयुन: आणि मी त्यावर कपडे पिळले.

यावेन: पण आजी, मी येऊन महिना झाला. बाळाचं नाव मिंगजू ठेवलंय हे तुम्हाला आजच कळलं का? आई तर बाळाला लाडानं थुआन-थुआनच म्हणतात. खरं नाव महिना भरेपर्यंत घ्यायचं नाही म्हणून मला दटावलं होतं त्यांनी.

आजी: तू घ्यायचीस की. दार लावून. "मिंगजू, दूध पी. मिंगजू, बाबा कसे घोरतात बघ."

यावेन: तुम्हाला ऐकू यायचं? आई म्हणाल्या, तुम्हाला कानाशी ढोल वाजवला तरी कळत नाही.

आजी: सुयुनचं बोलणं ऐकू येत नाही. बाकी येतं.

सुयुन: वा! ऐका! आता समजलं. महिनाभर हिच्या खोलीच्या दाराशी स्टूल टाकून बसत होतात. मी म्हणायचे, सासूबाई, वारा लागेल, आत चला. तुम्ही हलायला तयार नाही. मला वाटलं, पणतीची माया!

आजी: पणतीची मायाही होती. पण कोणीतरी आतून माझं नाव घेत होतं. पहिल्या दिवशी ऐकलं तेव्हा माझ्या हातातला वाडगा पडला. तू मला बोललीस, म्हातारपणी हात थरथरतात म्हणून.

सुयुन: बोलले खरी. फुटक्या वाडग्यासाठी बोलले.

यावेन: आई, रडू नका. आज शुभ दिवस आहे.

सुयुन: रडते कोण! धूर गेला डोळ्यात. आता मला विचार करू दे. यावेन, तुझ्या नवऱ्याला, लिनफंगला फोन लाव. म्हणावं, तिसऱ्या काकांना घेऊन होडी निघाली असेल तर जरा रेंगाळत ये. आणि हॉटेलात फोन कर, दारातला तो फलक उतरवा म्हणावं.

यावेन: कोणता फलक?

सुयुन: तुझा तो फोटोंचा फलक, "आमची मिंगजू" लिहिलेला. नाव बदलायचं.

यावेन: काय?

सुयुन: आजच्या आज. चारचौघांत अजून जाहीर झालेलं नाही, बरं झालं. नोंदणी काय, अर्ज करून बदलता येते. आज थुआन-थुआन एवढंच सांगू.

यावेन: आई, ऐकलंत ना तुम्ही आत्ता? त्या बाईंनी आजींचं नाव काढून घेतलं म्हणून तुम्हाला रडू आलं. आणि आता तुम्ही माझ्या मुलीचं काढून घेताय?

सुयुन: माझ्या सासूचं नाव मी एका शेंबड्या पोरीला कसं ठेवू? उद्या तिनं गादी ओली केली की मी काय ओरडू? "मिंगजू, पुन्हा केलीस?" असं ओरडू? माझी जीभ झडेल! आणि आम्ही थोरामोठ्यांचं नाव लहानाला ठेवत नाही. त्यांचं आयुष्य कमी होतं त्यानं. इथे तर एक नाही, दोन थोरल्या झाल्या. एक पाटीवर आणि एक स्टुलावर.

यावेन: कोणाला माहीत आहे? तिघींशिवाय कोणालाच नाही! घडा परत पुरून टाकू हवं तर.

सुयुन: मला माहीत झालं ना! कानानं ऐकलं ते काय माती लोटून बुजतं? आणि हे नियम काय मी काढले? लिनफंग झाला तेव्हा मला त्याचं नाव "आन" ठेवायचं होतं. किती हौस होती. सासूबाईच म्हणाल्या, चुलत आजोबांच्या नावात आन आहे, चालणार नाही. मी चूं केलं नाही. विचार त्यांना!

आजी: खरं आहे. मीच म्हणाले.

सुयुन: बघ! चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात. माझे चार दिवस आले तर घडे बाहेर पडतायत!

आजी: यावेन, त्या फलकावर कोणाचे फोटो आहेत गं?

यावेन: जाऊ द्या ना आजी आता. उतरवायचाच आहे.

आजी: सांग की. मला कोणी हॉटेलात नेऊन दाखवलं नाही.

यावेन: नाव गाजवलेल्या मिंगजू आहेत. सगळे म्हणत होते, नाव घासलेलं आहे, जुनाट आहे. म्हणून मी शोधून काढल्या. एक शेन मिंगजू. उंच फळीवरून पाण्यात सूर मारते, सुवर्णपदक मिळालंय तिला.

आजी: पाण्यात उडी मारायचं पदक देतात?

यावेन: देतात. एक डॉक्टर आहे, तांग मिंगजू. एवढ्याएवढ्या बाळांच्या हृदयाची शस्त्रक्रिया करते. एक डोंगरातले पूल बांधते.

आजी: लग्न झालंय तिचं? पूलवालीचं?

यावेन: झालंय बहुतेक.

आजी: आणि सासूनं नाव राहू दिलं?

यावेन: हो, आजी. राहू दिलं.

आजी: बरं केलं. आणखी?

यावेन: आणि आपल्याकडची लोउ मिंगजू. संगीत नाटकात पुरुषाची कामं करायची ती. आता म्हातारी झाली असेल.

आजी: तिचा फोटो आहे? रेडिओवाल्या लोउ मिंगजूचा?

सुयुन: तिचं तर वेड होतं यांना. संध्याकाळी तिचा कार्यक्रम लागला की आवाज मोठा करायच्या, चुलीवरचं करपलं तरी उठायच्या नाहीत. मी म्हणायचे, केवढी ही गाण्याची आवड.

आजी: गाणं ठीकच होतं. जरा नाकात गायची.

सुयुन: मग?

आजी: सुरू व्हायच्या आधी तो निवेदक नाव घ्यायचा. छान घ्यायचा, सावकाश. आणि संपल्यावर पुन्हा एकदा घ्यायचा.

सुयुन: म्हणजे तुम्ही गाणं संपायची वाट बघत बसायचात?

आजी: तिचं गाणं लांबायचं फार.

यावेन: आई, पाणी प्या थोडं. तुमचा चेहरा बघवत नाही.

सुयुन: मला काही झालं नाही. सासूबाई, तुम्हीच सांगा आता. तुमचं नाव आहे, तुमचा घडा आहे. तुम्ही म्हणाल तसं करू. बदलू की नको?

आजी: सुयुन, या घरात माझ्याहून थोर कोण आहे?

सुयुन: कोणीच नाही. गावातही नसेल.

आजी: थोरल्यानं धाकट्याला नावानं हाक मारायची, धाकट्यानं थोरल्याला नाही. बरोबर? बाप गेला. सासू गेली, तिनं मारली नाहीच. नवऱ्याला मी सांगितलं होतं एकदा. तो म्हणाला, नसतं उकरून काढू नकोस. तोही गेला. आता उरलेले सगळे माझ्याहून धाकटे. मला नावानं हाक मारेल असं माणूस जगात राहिलं नाही. तू हाक मारू शकत नाहीस, यावेनलाही मारता येत नाही. मी मागितलं तरी तुमची जीभ वळणार नाही.

सुयुन: कशी वळेल, सासूबाई?

आजी: पण त्या पोरीला तर हाक मारता येते. ती सगळ्यांत धाकटी. तिला उठता-बसता हाक मारा. शी केली म्हणून ओरडा, दूध प्यायली म्हणून ओरडा. तू तर मोठ्यानंच बोलतेस, मला चांगलं ऐकू येईल. मला आणखी काही नको. नाव राहू दे.

यावेन: आजी...

आजी: आणि आयुष्य कमी होईल म्हणतेस, तर आता त्यात कमी व्हायला आहे तरी काय!

सुयुन: असं अभद्र बोलू नका आजच्या दिवशी. थू, थू! यावेन, तूही थुंक.

यावेन: थू. आई, मग फलकाचं?

सुयुन: कसला फलक? कोणी उतरवायला सांगितला? उगाच फोन करत बसू नकोस, बिलात लावतील. हा नवा घडा या खड्ड्यात ठेव. खड्डा तयारच आहे, दुसरा कशाला खणायचा? आणि तो जुना वर घे. दोन्ही हातांनी. मूळ तोडायला सुरी आणू?

यावेन: नको, सुटलं. अगं बाई, किती हलका आहे!

सुयुन: उडून गेली असणार दारू. एवढी वर्षं राहते का?

आजी: हलवून बघ. कानाशी धर.

यावेन: थांबा हं. आजी, आवाज येतोय! तळाशी आहे थोडी. डुचमळते आहे.

आजी: बापानं चांगल्या मालकाची आणली होती.

यावेन: आज फोडूया? आई, फोडूया ना?

सुयुन: मुलीची दारू लग्नात फोडतात.

आजी: माझं लग्न झालंय की. घडा तेवढा उशिरा आला.

सुयुन: तुम्ही ना, सासूबाई! बरं, फोडू. पहिला पेला पाटीपुढे ठेवीन, दुसरा तुम्हाला. पाटीवरच्या बाईंना काय वाटायचं ते वाटू दे. यावेन, पुलाकडे बघ. ती आपलीच होडी ना?

यावेन: हो, लिनफंग उभा आहे पुढे. तिसरे काका छत्री धरून बसलेत.

सुयुन: आले! आणि मी अजून चिखलात! अंडी तशीच, न्हावी अजून आला नाही, बाळाचं जावळ कधी काढायचं? तू आत जा, अंगरखा बदल. लाल घाल, तो राखाडी घालून येऊ नकोस. सासूबाईंचं निळं जाकीटही काढ. सगळं मीच सांगायचं का?

यावेन: जाते, जाते.

सुयुन: थांब. घाटाकडे पाठ कर, पाहुण्यांना चेहरा दिसायला नको. आणि हसू नकोस.

यावेन: हसत नाही. का पण?

सुयुन: मिंगजू! ए मिंगजू! चल, आवर. पाहुणे घाटाला लागले.

यावेन: आई, बाळ झोपलंय अजून. आणि ते काय आवरणार?

सुयुन: तुला कोणी विचारलं? घरातल्या सर्वांत धाकट्या पोरीला हाक मारली मी. नियमात आहे. ज्यांना ऐकू जायचं त्यांना जाईल.

आजी: आले. काठी दे गं जरा.